उसना पत्ता

चैत्री पौर्णिमेची शत्रुंजयाची यात्रा आटोपून कुटुंब पालिताण्याहून सांगलीस परतले आणि दुसऱ्याच सकाळी मार्केट यार्डातील आपल्या आडत पेढीच्या गादीवर बसले. हळदीचा हंगाम ऐन भरात होता. मोठे काका आणि त्यांचा पुतण्या असे दोघेही नऊ दिवस गावाबाहेर असल्याने सौदे, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या हा सारा भार दिवाणजींनी एकट्याने वाहिला होता. पट्ट्या त्यांनी हाताने लिहिल्या होत्या. हिशेबाच्या संगणकाचा पासवर्ड पुतण्याजवळ असल्यामुळे तो संगणक त्या नऊ दिवसांत एकदाही सुरू झाला नव्हता.

संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जिचा गाभा लिहिला आणि जगासाठी खुला केला, ती ही प्रणाली परवान्याचे शुल्क न भरता मिळते आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते. म्हणूनच पुतण्याने ती वर्षभरापूर्वी पेढीवर आणली होती. दिवाणजींचे तिच्याविषयीचे मत फारसे बरे नव्हते. ज्या वस्तूचे दाम मोजले नाही तिच्या खोडीची तक्रार कोणाकडे करणार, हा त्यांचा साधा व्यापारी प्रश्न होता.

दिवसभर पुतण्याने दिवाणजींच्या पट्ट्या संगणकात चढवल्या. त्या कामास इंटरनेट लागत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत कोणाच्या काही ध्यानात आले नाही. पाचच्या सुमारास गुजरातेस जाणारा हळदीचा ट्रक भरून उभा राहिला. राज्याबाहेर पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल हवे. पुतण्याने संकेतस्थळ उघडले, तेव्हा पडद्यावर जोडणी नसल्याचा संदेश उमटला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तीन वेळा केला. प्रत्येक वेळी कोपऱ्यातील चिन्ह काही क्षण गरगर फिरे आणि जोडणी होऊ शकली नाही असे सांगून थांबे.

ट्रकचालक दारात उभा होता. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास व्हायचा होता. त्याआधी घरी पोचून पाणी घेऊन चौविहाराचे पच्चक्खाण घेणे हा काकांचा चाळीस वर्षांचा नेम होता. ई-वे बिल फोनवरूनही काढता येते; परंतु वजने, दर, खरेदीदाराचा क्रमांक हे सारे संगणकात होते आणि घाईत हाताने भरताना एक आकडा चुकला तर गाडी वाटेत अडकण्याचे भय होते.

अशा वेळी दोष शोधण्यापेक्षा दोषी शोधणे सोपे जाते. दिवाणजींनी आपला फोन पुढे केला. “माझा फोन पेढीच्या वाय-फायवर उत्तम चालतो आहे, छोटे शेठ. म्हणजे लाइन चालू आहे. बिघाड आहे तो तुमच्या फुकटच्या प्रणालीत.” पुतण्याचा पारा चढला. “नऊ दिवसांपूर्वी सगळे ठीक होते. मागे कोणीतरी वायरी हलवल्या असणार.” वाक्यात नाव कोणाचेच नव्हते, पण मागे पेढीवर कोण होते हे सर्वांना ठाऊक होते. तीस वर्षे गादी सांभाळलेल्या दिवाणजींनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि ते काही बोलले नाहीत.

यार्डातील संगणक दुरुस्त करणाऱ्यास फोन लावला. त्याने ऐकून घेण्याआधीच उपाय सांगितला, “फॉर्मॅट मारू आणि दुसरी प्रणाली टाकू. अर्ध्या तासात मोकळे.” मार्च अखेरचे हिशेब त्याच यंत्रात होते. सनदी लेखापालाकडे ते अजून जायचे होते आणि यात्रेच्या गडबडीत शेवटच्या पंधरा दिवसांच्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही काढलेली नव्हती. संगणकाला इंटरनेट मिळत नाही म्हणून त्याची स्मृती पुसून टाकणे म्हणजे रोकड जुळत नाही म्हणून कीर्दच जाळून टाकण्यासारखे होते. घाईत मात्र हे कोणाला सुचत नव्हते.

पुतण्याची धाकटी बहीण अभियांत्रिकीच्या सुट्टीत घरी आली होती. काकांना घरी नेण्यासाठी ती पेढीवर आली, तेव्हा पुतण्याचा हात राउटरच्या बटणाकडे गेलेला होता.

“दादा, थांब. ते बंद करू नकोस. आधी बघू दे. एका वेळी एकच गोष्ट करू या.”

तिने प्रथम संगणकाच्या मागे वाकून पाहिले. वायर जिथे खोचलेली असते तिथे दोन बारीक दिवे असतात. दोन्ही लागलेले होते आणि एक मधूनमधून लुकलुकत होता. याचा अर्थ वायर अखंड आहे, पलीकडे राउटर जागा आहे आणि दोघांमध्ये संकेतांची देवघेव चालू आहे. दिवे विझलेले असते तर शोध तिथेच थांबवून वायर, तिची टोके, राउटरवरील खाच हेच तपासावे लागले असते. उंदराने कुरतडलेली किंवा पोत्याखाली दबलेली वायर हे पेढीवरील सर्वांत साधे कारण असते आणि ते सर्वांत शेवटी पाहिले जाते.

मग तिने टर्मिनलची काळी खिडकी उघडली. ‘आयपी’ आणि मोकळी जागा सोडून ‘लिंक’ असे दोन शब्द इंग्रजी छोट्या लिपीत टंकले की लिनक्स यंत्रातील सर्व जोडण्यांची यादी देते. यादीत वायरीची जोडणी होती आणि तिच्यापुढे ती ‘अप’ म्हणजे चालू असल्याची खूण होती. येथे जोडणीचे नावच नसते, तर यंत्राने आपले नेटवर्क कार्ड ओळखलेले नाही असा अर्थ झाला असता. प्रणालीचे अद्ययावतीकरण झाल्यावर असे कधी कधी घडते. तेव्हा यंत्र सुरू होतानाच्या यादीतून आधीचा गाभा निवडून पाहावा. पण येथे कार्ड ठीक होते. नंतर तिने ‘आयपी’ आणि ‘ॲड्रेस’ हे शब्द टंकले. जिथे चार अंकांचा पत्ता दिसायला हवा होता ती जागा रिकामी होती.

“काका, यंत्र धडधाकट आहे. वायर धडधाकट आहे. पण याला पत्ता मिळालेला नाही.”

“पत्ता? पेढीचा पत्ता तर बदललेला नाही,” काका म्हणाले.

त्यावर तिने जे सांगितले, ते प्रत्येक पेढीवर कोणाला तरी ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक लागतो. त्या क्रमांकावाचून त्याच्याकडे निरोप पोचत नाही आणि त्याच्याकडून निघालेल्या निरोपाचे उत्तर परत येत नाही. हा क्रमांक चार अंकांचा बनतो आणि प्रत्येक अंक ० ते २५५ यांमधील असतो. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी होते आणि ती साऱ्या जगास पुरत नाही. म्हणून १९९४ मध्ये काही मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवल्या गेल्या. १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका त्यांपैकीच एक. प्रत्येक इमारतीत १२ क्रमांकाची खोली असू शकते, तसा १९२.१६८.१.१२ हा पत्ता शेजारच्या पेढीतही असू शकतो. मात्र एका पेढीत तो दोघांना देता येत नाही.

हे क्रमांक पूर्वी माणसाने हाताने लिहून प्रत्येक यंत्रास द्यावे लागत. १९८५ मध्ये बूटपी नावाची पद्धत आली आणि यंत्राला आपला पत्ता विचारून घेता येऊ लागला. तिच्याच पायावर १९९३ मध्ये डीएचसीपी ही पद्धत उभी राहिली. तिचा मार्च १९९७ मधील सुधारित आराखडा आजही घराघरांतील राउटर पाळतात. पत्ता देणे, तो कोणाला दिला याची नोंद ठेवणे आणि मुदत संपली की तो दुसऱ्यास देणे, हे सारे काम राउटरमधील एक छोटा कारभारी करतो.

“हे पालिताण्याच्या धर्मशाळेसारखेच आहे, काका,” ती म्हणाली. “यात्रेकरू दारात येऊन मोठ्याने विचारतो, इथे खोली देणारे कोणी आहे का? मुनीम म्हणतो, बारा क्रमांकाची रिकामी आहे. यात्रेकरू म्हणतो, तीच द्या. मुनीम वहीत नाव आणि मुदत लिहितो आणि किल्ली हाती देतो. संगणक आणि राउटर यांच्यातही हेच चार निरोप जातात. शोध, देकार, मागणी आणि होकार. चारही झाले तरच पत्ता मिळतो.”

दिवाणजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला होता.

यातील नेमकी कोणती पायरी अडते हे लिनक्स लपवत नाही. प्रणाली आपली रोजनिशी ठेवते आणि ती ‘जर्नलसीटीएल’ या आदेशाने वाचता येते. तिने शेवटची पाने उघडली. संगणकाने शोधाची हाक दिली होती. पुन्हा दिली होती. पंचेचाळीस सेकंद वाट पाहून, मुदत संपली असे लिहून तो थांबला होता. देकार एकदाही आलेला नव्हता.

“म्हणजे हा विचारतो आहे. उत्तर येत नाही.”

“की याचे विचारणेच चुकते आहे?” पुतण्याने विचारले. प्रश्न योग्य होता, आणि त्याची परीक्षाही हाताशी होती. तिने आपला फोन यूएसबी वायरीने संगणकास जोडला आणि फोनमधील इंटरनेट संगणकाला देण्याची सोय सुरू केली. अशा वेळी फोन स्वतःच पत्ते वाटणारा कारभारी बनतो. पाच-सहा सेकंदांत संगणकाला पत्ता मिळाला आणि संकेतस्थळ उघडले.

एका कृतीने दोन कामे झाली. संगणकाचे विचारणे बिनचूक आहे हे सिद्ध झाले, म्हणजे लिनक्सवरील आरोप गळून पडला. आणि ई-वे बिल निघाले. सव्वासहाला ट्रक हलला. काका घरी गेले, वेळेत पाणी घेऊन त्यांनी पच्चक्खाण घेतले आणि प्रतिक्रमणानंतर ते पुन्हा पेढीवर आले. इतकी वर्षे ते रात्री पेढीवर येत नसत. पण दुपारी दिवाणजींच्या चेहऱ्यावर जे दिसले होते ते त्यांच्या मनातून जात नव्हते. बिघाड कोठे आहे हे कळल्यावाचून दिवस मिटवू नये असे त्यांना वाटले.

पेढीवर दोघे भावंडे आणि दिवाणजी बसलेच होते. पुतण्याने छपाईयंत्राची वायर काढून संगणकाला लावून पाहिली होती. फरक पडला नव्हता. ती वायर पूर्ववत लावून मग राउटरवरील दुसरी खाच वापरून पाहिली होती. तरीही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक न पडल्यास ती पूर्ववत करूनच पुढे जायचे, हा नियम त्यांनी पाळला होता. रोकड जुळत नसता दिवाणजी एकेका नोंदीवर टिचकी मारत जातात, तसेच हे काम असते. दोन नोंदी एकदम बदलल्या तर चूक कोणत्या नोंदीत होती हे कधीच कळत नाही.

“पण माझा फोन चालतो, हे तर खरे ना?” दिवाणजी म्हणाले. आवाजात आता आरोप नव्हता.

“खरे आहे, दिवाणजीकाका. संगणकाला पत्ता मिळत नाही हेही खरे आहे.” तिने भावाकडे पाहिले. “दादा, तुझा फोन वाय-फायवर आहे का?”

पुतण्याने फोन पाहिला. तो दिवसभर मोबाइलच्या इंटरनेटवर चालला होता. वाय-फाय सुरू केले, तेव्हा ‘पत्ता मिळवत आहे’ अशी ओळ आली आणि तशीच राहिली. काकांच्या फोनवरही तेच झाले.

दोन सत्ये एकमेकांशी भांडत असल्यासारखी दिसली की त्यांपैकी एक खोटे ठरवण्याची घाई होते. जैन विचार तेथे थांबून पाहायला शिकवतो. दोन्ही विधाने आपापल्या नयाने खरी असतील, तर ज्या बाजूने ती दोन्ही खरी दिसतात ती बाजू अजून पाहायची राहिलेली असते. एक फोन चालतो, दोन फोन चालत नाहीत, संगणक चालत नाही. यांत फरक कोणता?

उत्तर काकांनी दिले, ज्यांनी आयुष्यात टर्मिनलची खिडकी उघडली नव्हती. “दिवाणजी इथेच होते. बाहेरगावी गेलो होतो ते आम्ही. पुनवेला धर्मशाळेत काय झाले ते आठवते का? आधीपासून राहिलेल्यांना मुनीम रोज मुदत वाढवून देत होता. नव्याने येणाऱ्यास खोली नव्हती. अर्ध्या खोल्यांना कुलूप होते आणि माणसे कधीच गावाला निघून गेली होती. किल्ल्या त्यांच्या खिशात.”

पुतणी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. “राउटरमध्ये किती खोल्या आहेत ते बघायला हवे.”

पण राउटरचे पान उघडायचे तर संगणकाला पत्ता हवा आणि पत्ता तर मिळतच नव्हता. अशा वेळी पत्ता हाताने देता येतो. मात्र तो राउटर वाटत असलेल्या मालिकेतील नसावा, नाहीतर एकाच क्रमांकाचे दोन धनी होतात आणि दोघांचेही काम बिघडते. ही मालिका कोणती हे कोणालाच माहीत नव्हते.

दिवाणजी उठले. गादीमागच्या कपाटातून त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही काढली. पेढीवर कोण आले, काय बसवून गेले, काय सांगून गेले, याच्या नोंदी त्यांत होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : राउटर बसवला, घरचा क्रमांक १९२.१६८.१.१, वाटप १०० ते १४९, मुदत १६८ तास, छपाईयंत्र कायम २०. खाली पासवर्डही होता. “अर्थ कळला नव्हता,” ते म्हणाले. “तो बोलला तसे लिहून ठेवले.”

पुतण्याने मान खाली घातली. ज्याने वायरी हलवल्या असा संशय धरला, त्याच्याच वहीत किल्ली होती.

वाटप १०० ते १४९ पर्यंत असल्याने २०० हा क्रमांक त्याबाहेरचा होता. पुतणीने संगणकास १९२.१६८.१.२०० हा पत्ता तात्पुरता दिला आणि ‘पिंग’ या आदेशाने राउटरला हाक मारली. उत्तर तत्काळ आले. आता वायर, कार्ड, प्रणाली, राउटर यांपैकी कशावरच संशय उरला नाही. बिघाड फक्त पत्तावाटपात होता. राउटरचे पान उघडले, पत्ते दिलेल्यांची यादी पुढे आली. पन्नासपैकी पन्नास पत्ते दिलेले होते.

यादीत बहुतेक मोबाइल फोन होते. हंगामात रोज शेतकरी, ट्रकचालक, हमाल पेढीवर येत. पैसे खात्यावर जमा झाल्याचा संदेश त्यांना दिसावा म्हणून वाय-फायचा पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावलेला होता. येणाऱ्याची सोय करावी ही काकांचीच इच्छा. फोन एकदा जोडला गेला की राउटर त्याला १६८ तास, म्हणजे सात दिवस, एक पत्ता लिहून देई. शेतकरी तासाभरात गावी निघून जाई, पण त्याच्या नावावरची खोली आठवडाभर कुलूपबंद राही. फोन निघताना किल्ली परत करून जात नाही. पेढीच्या वाय-फायचा टप्पा ओलांडला की तो नुसता निघून जातो.

संगणक रोज सुरू असे तेव्हा याची झळ लागत नव्हती. मुदतीचा अर्धा काळ सरला की यंत्र आपणहून नूतनीकरण मागते आणि तोच पत्ता पुढे चालू राहतो. दिवाणजींच्या फोनचे असेच होत होते. पण संगणक नऊ दिवस बंद राहिला. सात दिवसांनी त्याची मुदत संपली, त्याचा पत्ता मोकळा झाला आणि दारात आलेल्या पुढच्या फोनला मिळाला. यात्रेहून परतलेल्या तिघांनाही, म्हणजे संगणक आणि दोन फोन यांना, दार बंद आढळले. आत असलेल्यांना मात्र दार बंद झाल्याचे कळलेही नव्हते.

उपाय पंधरा मिनिटांचा होता. वाटपाची मालिका ५० ते १९९ अशी वाढवली. छपाईयंत्राचा २० हा क्रमांक तिच्याबाहेरच ठेवला. मुदत १६८ तासांवरून दोन तासांवर आणली. जो बसलेला आहे त्याला ती आपोआप वाढून मिळते आणि जो गेला त्याची जागा दोन तासांत मोकळी होते. हिशेबाच्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला. प्रत्येक नेटवर्क कार्डास कारखान्यातच एक ओळखक्रमांक दिलेला असतो. तो राउटरला सांगून ठेवला की तेवढी खोली दुसऱ्या कोणास दिली जात नाही. शेवटी राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळ्या वाय-फायची सोय होती ती सुरू केली, म्हणजे हिशेबाचे यंत्र आणि येणारे-जाणारे फोन एकाच ओसरीवर राहणार नाहीत. संगणकाचा हाताने दिलेला २०० हा पत्ता काढून टाकला आणि जोडणी पुन्हा सुरू केली. चार निरोप गेले-आले, पत्ता मिळाला.

“तेव्हा राउटर बंद करून सुरू केला असता तर?” पुतण्याने विचारले.

“बहुधा लगेच चालू झाले असते,” ती म्हणाली. “पुष्कळ राउटर ही यादी बंद होताना विसरतात. पण काही दिवसांत यादी पुन्हा भरली असती. आणि आपण दिवाणजीकाकांच्या नावावर किंवा लिनक्सच्या नावावर खाते उघडून मोकळे झालो असतो.”

पुतण्या उठून दिवाणजींसमोर उभा राहिला. संवत्सरीस अजून चार महिने होते. त्याने हात जोडले आणि “मिच्छामि दुक्कडम्, दिवाणजीकाका,” एवढेच म्हणाला. दिवाणजींनी त्याचे हात धरून खाली केले. “मीही तुमच्या प्रणालीला बोललो, छोटे शेठ. तिचे उणे काढले ते माझ्याकडूनही मागे.” मग त्यांनी लाल वही उघडली, तारीख घातली आणि नवे आकडे लिहून घेतले. काकांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट करवून घेतली. हिशेबांची दुसरी प्रत काढून ती पेनड्राइव्हवर घरच्या तिजोरीत ठेवली. दर शनिवारी ती काढायची असे ठरले.

ज्या पेढीवर किंवा घरी असा प्रसंग येईल, तेथे पुढील क्रम लक्षात ठेवल्यास बराचसा शोध लागतो. वायरीजवळचे दिवे लागलेले आहेत का ते आधी पाहावे. वाय-फाय असेल तर बाजूचे बटण किंवा विमानातील स्थितीची खूण चुकून दाबली गेली नाही ना हे पाहावे. मग यंत्राच्या यादीत जोडणी आहे का आणि तिला पत्ता आहे का ते तपासावे. पत्त्याची जागा रिकामी असेल किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राला उत्तर मिळालेले नाही. १६९.२५४ ही मालिका कारभारी न भेटलेले यंत्र स्वतःच घेते. धर्मशाळेत जागा न मिळाल्याने ओट्यावर पथारी टाकल्यासारखे ते असते. पत्ता आहे, पण तो आपल्या राउटरच्या मालिकेतील नाही, असे असेल तर कोणीतरी दुसरा राउटर जोडून दुसरा मुनीम उभा केलेला असतो. पत्ता ठीक असून फक्त संकेतस्थळे उघडत नसतील तर तो विकार निराळा. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा तपासावी. त्याच यंत्राला फोन जोडून पाहावा, म्हणजे दोष यंत्रात की बाहेर हे कळते. त्याच राउटरवर एखादे नवे यंत्र जोडून पाहावे. आधीपासून चालू असलेले यंत्र या परीक्षेस उपयोगी पडत नाही. आणि स्मृती पुसण्याचा सल्ला कोणी दिलाच तर आधी हिशेबांची प्रत काढावी.

पत्ता राउटरकडून मिळतो तो मुदतीने मिळतो, मालकीने नाही. वापर संपल्यावर तो दुसऱ्यासाठी मोकळा व्हावा अशीच ही व्यवस्था १९९३ पासून आखलेली आहे. ज्या पेढीत अपरिग्रहाचे पाठ लहानपणापासून ऐकले जातात, तेथे हा नियम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. त्या रात्री काकांनी वाय-फायच्या पासवर्डाचा जुना पुठ्ठा भिंतीवरून काढला आणि पाहुण्यांच्या नव्या वाय-फायचा पासवर्ड दिवाणजींच्या अक्षरांत लिहून त्याच खिळ्यावर लावला. सकाळी सौद्यास येणाऱ्या शेतकऱ्यांची सोय पूर्वीसारखीच राहायला हवी होती.